वस्तू: कुत्रा

१२ जानेवारी

अप्पा,

"पळून गेला" असं तुम्ही ताईजवळ म्हणालात, ते मागे घ्या. पळणारा माणूस मागच्या दाराने जातो. मी सकाळी नऊला पुढच्या दाराने गेलो, खांद्याला बॅग, तुमच्या नाकासमोरून. परवाना जाऊन आठवडा झाला होता, तराजू दुरुस्तीचं एक काम दुकानात नव्हतं, तरी तुम्ही फडकं घेऊन स्वतःच्याच काट्याची धूळ पुसत बसला होतात. मी म्हटलं, येतो. तुमची धूळ काही संपेना.

आणि माझ्या पाच पानी पत्राला हे उत्तर? सातवी नापास माणूस पाच पानं लिहितो ही काय थट्टा नाही. मी लिहिलं की इथे शीतगृहात खोकी रचायला लागलोय, बोटं बधिर होतात, जेवण बरं आहे, तुमची पाठ कशी आहे. त्यावर तुम्ही पाठवलीत वजनाची पावती. लोकांची भंगाराची गाठोडी तोलून आपण देतो तीच छापील. वस्तू: कुत्रा. वजन: २२ किलो ४००. दर: आडवी रेघ. खाली सही. मी पावती उलटून बघितली, पाकीट झटकून बघितलं. खोलीत आम्ही सहा जण असतो, त्यातला एक इतका उंच आहे की त्याला सगळे उंट म्हणतात. तो म्हणाला, "तुझा बाप कुत्रा विकायला काढतोय का?"

मग रविवारी ताईला फोन केला तेव्हा उलगडा झाला. मुकादम खात नाही. मी निघालो त्याच दिवशी ओकला, आणि तेव्हापासून ताटलीशी जातो, हुंगतो आणि परत फिरतो. महिन्यात दीड किलो उतरला. ताई म्हणते, तुझ्यासाठी रुसलाय.

खरं सांगू, ऐकून मला बरं वाटलं. त्या घरात एकाला तरी माझं जाणं लागलं. नाव मीच ठेवलं होतं ना त्याचं. कवडीचं काम न करता मोठ्या काट्याच्या पाटावर बसायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्यावर नजर ठेवायची. गिऱ्हाइकाने गाठोडं आणलं की आधी मुकादमाला उठवा, मग तोला. तुम्ही ओरडायचात, पण हाकललं कधीच नाहीत.

त्याला सांगा, येतो म्हणावं. कधी ते सांगू नका.

पाठीचं कळवा. किलोमध्ये नको.


२३ जानेवारी

अप्पा,

दुसरी पावती आली. २१ किलो ३००. पाठ नाही, परवाना नाही, पाऊस-पाणी नाही.

ताईने फोनवर मुकादमाचा व्हिडिओ पाठवला. पुढचे पाय जमिनीला टेकवून, छाती खाली, मागचा भाग वर, असा तो पाटाशेजारी उभा आहे. मला खेळायला बोलवायचा तेव्हा अगदी असाच वाकायचा. उंट आणि मी तो सात-आठ वेळा बघितला. अप्पा, दुखणाईत जनावर असं खेळायला मागेल का? त्याला काही झालेलं नाही. तुम्ही डॉक्टरचं म्हणताय असं ताई म्हणाली. कशाला? सुया टोचतील, पैसे उपटतील. त्याला औषध नको आहे, त्याला मी हवा आहे. आणि मी येईपर्यंतची एक तजवीज मी इथून केली आहे. काय ते विचारू नका. पंधरा दिवसांत काटा वर जाईल.

विचारू नका म्हणतोय, पण तुम्ही विचारता कुठे? तुम्ही आयुष्यात मला काही विचारलंत का? वजनमापांच्या तपासनिसाने कोपऱ्यावरच्या मटणवाल्याचा तराजू तपासला, मालाचं पारडं उलटं केलं, तर खाली शंभर ग्रॅमचा शिशाचा तुकडा चिकटवलेला. म्हणजे किलोमागे गिऱ्हाइकाला शंभर ग्रॅम कमी. तुकड्यावर आपल्या दुकानाचा ठसा. तो तपासनीस तुकडा घेऊन दुकानात आला. तुम्ही तो हातात घेतलात, एकदा उलटा केलात आणि म्हणालात, "चूक माझी आहे." संपलं. वर्षाचा परवाना गेला. मी तिथेच उभा होतो. तुम्ही माझ्याकडे बघितलंतही नाही, आणि त्या दिवसापासून बोलणं बंद.

आपल्या दुकानात शिसं डब्यात उघडं पडलेलं असतं. कुणीही उचलेल. मटणवाला स्वतः तराजू न्यायला आला होता, त्याचा हात डब्यात गेला नसेल कशावरून? हे मी तेव्हाही सांगितलं असतं. विचारलं असतंत तर.


४ फेब्रुवारी

अप्पा,

ताई फोनवर रडत होती, त्यामुळे अर्धंच कळलं. मुकादम परवा सकाळी पाटावरून उतरताना कोसळला, पिवळं ओकत राहिला, पोट लाकडासारखं कडक, हात लावला की कण्हायचा. तुम्ही त्याला ढकलगाडीवर घातलंत, खाली तुमचा कोट, आणि स्वतः ढकलत जनावरांच्या डॉक्टरकडे नेलंत. तुमची ती पाठ घेऊन. दुसऱ्या कुणाला सांगता आलं नसतं का? असो, मी नव्हतोच.

डॉक्टरने विचारलं की याला चरबी, तळकट असं काही खायला मिळतं का. तुम्ही म्हणालात, "माझ्या घरात नाही." तो म्हणाला, तुमचा शब्द मला पुरे, त्या बाजूचं बघायला नको. मग विष पोटात गेलं असेल किंवा जंत असतील म्हणून त्याची औषधं दिली. आणि निघताना तुम्ही ताईला म्हणालात, "त्याला विचार, तो असताना काय घालत होता."

"पळून गेला" नंतर माझ्याबद्दल तुमच्या तोंडून निघालेलं हे पहिलं वाक्य.

मी ताईला सांगितलं ते इथेही लिहितो, म्हणजे कागदावर राहील. पाव, भात, उरलंसुरलं.

नोकरी सोडली. शीतगृहातली. मुकादमाने, म्हणजे तिथल्या माणूस मुकादमाने, मला खोक्यांच्या वजनावर बसवायचं ठरवलं, कारण मी कधी बोलून गेलो होतो की आमचा धंदा काट्यांचा. आता धुलाईखान्यात आहे. दवाखान्याच्या चादरी येतात. गरम वाफ, हात फुगतात. उंट म्हणतो, तुला कुठेच बूड टेकवता येत नाही. आठ आठवड्यांत दोन नोकऱ्या म्हणजे काही फार नाहीत.

ताई म्हणाली, डॉक्टरकडचा कंपाउंडर म्हणाला अंगात ताकद नाही, साय चारा, अंड्याचा बलक चारा. आणि तुम्ही लहान काट्यावर साय तोलून देता, तीस ग्रॅम, दिवसातून तीनदा. तो तोंड फिरवतो, तर तुम्ही जबडा धरून बोटाने आत लावता. ताईला ते बघून हसूही येतं आणि रडूही येतं म्हणे.

इतकी साय नका घालू. मला आपलं वाटतं. मला काय कळतं म्हणा.


११ फेब्रुवारी

अप्पा,

हे तीनदा लिहून फाडलंय. जेवणाच्या सुट्टीत चादरींच्या ढिगामागे बसून लिहितोय, वाकडंतिकडं असेल तर सांभाळून घ्या. तुमची पावती समोर आहे. १७ किलो ८००.

डॉक्टरला सांगा की चरबी होती.

रोज संध्याकाळी मी मटणवाल्याकडून पिशवी आणायचो. छाटलेली चरबी, कातडी, अर्धा किलो, कधी जास्त. मागच्या गल्लीत मुकादमाला घालायचो. जूनपासून निघेपर्यंत. तुम्ही म्हणायचात, एवढंसं खातो पण अंगाला लागतंय बघ. ते ते होतं. मी निघालो त्या दिवशी पहाटे त्याला दोन किलोंची भरलेली पिशवी दिली. आता कधी मिळेल कुणास ठाऊक, असं वाटलं. तो पिशवीसुद्धा चाटत होता. मग ओकला. तो माझ्यासाठी ओकला नाही, अप्पा, माझ्यामुळे ओकला.

आणि जानेवारीतली ती तजवीज. मी मटणवाल्याला फोन केला आणि सांगितलं, रोज मागच्या गल्लीत पिशवी टाक, घरात कुणाला कळू देऊ नकोस. त्याने टाकली. तुम्ही ताटली पुढे सरकवायचात आणि तो हुंगून परत फिरायचा, तेव्हा पोटात चरबी असायची आणि पोट दुखत असायचं. रुसला म्हणून तुम्ही त्याची समजूत काढत होतात, मी इथे फुशारक्या मारत होतो. कोसळल्याचं कळलं त्याच दिवशी मी मटणवाल्याला बंद करायला सांगितलं. म्हणजे मला तेव्हाच कळलं होतं. तरी तुम्हाला लिहिलं, पाव, भात, उरलंसुरलं. साय मी तेव्हाच थांबवू शकत होतो.

आता तुम्ही म्हणाल, मटणवाला फुकट का देत होता. फुकट नव्हता देत.

शिसं मी चिकटवलं.

तराजू दुरुस्तीला आला होता. तुम्ही दुपारचे आडवे झाला होतात. तो म्हणाला, थोडा माझ्या बाजूने कर, तुझ्या कुत्र्याचं जन्माचं बघतो. मी डब्यातला तुकडा उचलला, त्याच्यावर तुमचा ठसा आहे हे बघितलंही नाही, कारण तुम्ही प्रत्येक तुकड्यावर मारता, आणि लहानपणापासून मी ते इतकं बघितलंय की दिसतच नाही. पारड्याखाली कोण बघतंय, असं वाटलं. मला त्याचे पैसे मिळाले नाहीत. फक्त चरबी.

शीतगृहात तो मुकादम मला म्हणाला की दर खोक्याला जरा हात हलका ठेव. मी दुसऱ्या दिवशी गेलो नाही. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. मला काट्यासमोर बसवत नाही आता.

फोनवर का नाही सांगितलं? फोन तुम्ही घेत नाही, ताई घेते, आणि मला हे तुम्हालाच सांगायचं होतं म्हणून. नाही, हे खोटं आहे. कागदाला पोचायला नऊ दिवस लागतात म्हणून.

डॉक्टरला हे पत्र वाचून दाखवा. शिशाचा भाग हवा तर गाळा. नका गाळू.


६ मार्च

अप्पा,

ताईचा फोन वीस तारखेलाच आला होता. मी लगेच लिहिलं नाही, काय लिहायचं सुचत नव्हतं. ती म्हणाली, तुम्ही पत्र दुकानात उभ्याने वाचलंत. दुकानात आलेला प्रत्येक कागद वाचून तारेला टोचायचा ही तुमची सवय, तसा टोचलात. मग तारेवरून परत काढलात, मधे भोक पडलेलं पत्र तसंच खिशात घातलंत आणि दुकान उघडं टाकून डॉक्टरकडे गेलात. दुकान उघडं टाकून तुम्ही आईच्या शेवटच्या वेळीही गेला नव्हतात.

स्वादुपिंड सुजलंय म्हणाला ना डॉक्टर. हा अवयव मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. उंटाने विचारलं तेव्हा मी त्याला असं समजावलं की जसा काही माझा मीच शोधून काढला. चरबी पचवायला जे पाझरतं तेच उलटं आतून त्याला भाजतंय, असं ताईने सांगितलं. आणि ते वाकून उभं राहणं खेळायला बोलावणं नव्हतं. पोटात कळ आली की जनावर तसं वाकतं, तेवढीच पोटाला जागा होते. तो व्हिडिओ मी काढून टाकला. मग उंटाकडून परत मागून घेतला.

ताईने आणखी एक सांगितलं. डॉक्टर म्हणाला, हे महिन्याआधी कळायला हवं होतं. तुम्ही म्हणालात, "शिशाचं मला तेव्हाच कळलं होतं. चरबीचं कळलं असतं तर…" म्हणजे तुकडा हातात घेऊन उलटा केलात तेव्हाच. आणि इतके महिने मी सांगायची वाट बघितलीत. मी तुमच्या विचारण्याची बघत होतो.

आता चांगलं लिहितो. या आठवड्यात तुमच्या पाच पावत्या आल्या. वस्तू: भात. म्हणजे तो उकडून मऊ केलेला, नुसता, डॉक्टरने सांगितलेला. पहिल्या पावतीवर दिले ५० ग्रॅम, उरले ५० ग्रॅम. दुसरीवरही तेच. मग उरले ४२. आठ ग्रॅम, अप्पा. आठ ग्रॅम म्हणजे एक चमचा. मग उरले २०. आणि आज सकाळी आलेली, पंचवीस फेब्रुवारीची: दिले ५० ग्रॅम, उरले ०.

मी ती पावती घेऊन धुलाईखान्यात फिरलो. खोलीवर येऊन उंटाला दाखवली. तो म्हणाला, "शून्य म्हणजे वाईट ना?" मी म्हटलं, "गाढवा, हे शून्य चांगलं असतं. सगळं खाल्लं."

रविवारपासून ताई फोन उचलत नाही. तिला सांगा, मी रागावलेलो नाही. आणि विचारा तिला, माझ्या अंथरुणाची चादर त्याला पाटावर घालता येईल का. लोखंड गार लागत असेल.

रजा मागितली आहे. नवा आहे म्हणून देत नाहीत. नाही दिली तर सोडीन, सोडायची मला सवय आहे. उंटाने ऐकलं आणि नुसता हसला.


१० मार्च

अप्पा,

अठ्ठावीस फेब्रुवारीची पावती आज मिळाली. वस्तू: कोरी. वजन: ०. सही.

ही उंटाला दाखवली नाही.

ताईने आज फोन उचलला. तुम्हीच तिला सांगितलं होतं की गप्प राहा, मी कळवतो. मग तुम्ही कळवलंत, तुमच्या पद्धतीने, नऊ दिवसांच्या कागदाने. मला तक्रार करायला तोंड नाही. मी धुलाईखान्यात ती भाताची पावती नाचवत फिरत होतो तेव्हा त्याला जाऊन आठवडा झाला होता.

तिने सगळं सांगितलं. पंचवीसला त्याने सगळा भात खाल्ला. सव्वीसला पुन्हा तोंड फिरवलं. डॉक्टर म्हणाला, आतलं बरंच आधीच गेलेलं होतं, उशीर झाला. सत्तावीसला तो आपणहून उठला आणि दुकानात जाऊन पाटावर बसला, आपल्या जागेवर. काट्याने आकडा दाखवला असेल, पण तुम्ही बघितला नाहीत म्हणे. दुपारी एक बाई जुन्या वर्तमानपत्रांचं गाठोडं घेऊन आली. तुम्ही तिला म्हणालात, "थांबा, उठू दे त्याला."

ती बराच वेळ थांबली. मग तिनेच गाठोडं खाली ठेवलं आणि तुमच्याकडे बघितलं.

अप्पा, तो तुमच्या समोर गेला. माझ्यासाठी झुरत बिरत नव्हता. आपल्या जागेवर, कामावर गेला. एवढं बरं झालं.

त्या कोऱ्या पावतीने दिवसभर माझं डोकं खाल्लं. मग मला आठवलं, तुम्ही मला पहिल्यांदा काट्यापाशी उभं केलंत तेव्हाचं. मी आठ वर्षांचा होतो, हातात गूळ होता की साबण, आता आठवत नाही. मी तो पारड्यात टाकायला गेलो तर तुम्ही मनगट धरलंत. म्हणालात, आधी काटा शून्यावर आहे का बघ, मग काय ठेवायचं ते ठेव. पारड्याखाली काही राहिलं असेल तर वरचं कितीही खरं असलं तरी खोटंच.

तर राहिलंय.

अकरा फेब्रुवारीच्या पत्रात मी लिहिलं की पैसे मिळाले नाहीत. मिळाले. चरबी मी वरून मागून घेतली होती, मुकादमासाठी. मटणवाला दर शनिवारी दोनशे द्यायचा. एकवीस शनिवार. त्यातूनच गाडीचं तिकीट काढलं, बॅगही घेतली, जी तुम्ही बघितली नाहीत. सगळं खरं लिहीत होतो तेव्हाही एवढं ठेवून घेतलं. का, ते मला सांगता येत नाही. कदाचित कुत्र्यासाठी केलं असं म्हणायला बरं वाटत होतं.

रजा मागायला नको आता. इथेच राहतो, निदान परवान्याचं वर्ष संपेपर्यंत. तपासनिसाला मी वेगळं पत्र टाकलंय, शिसं कुणी चिकटवलं ते. तुमची चूक नव्हती असं लिहिलंय. तो विचारायला आला तर या वेळी मधे पडू नका.

मटणवाल्याला मी काही कळवलेलं नाही. ते तुम्ही ठरवा.

माझी चादर ताईने आपणहूनच त्याच्याबरोबर पुरायला दिली म्हणे. बरं केलं.

डॉक्टरचे झालेत ते मी पगारातून देईन, पुढच्या महिन्यापासून, ते वेगळे. आज पाठवतोय ते आधीचे आहेत. घरात घेऊ नका, ताईला नवं काही घेऊ नका, ज्यांना शंभर ग्रॅम कमी मिळालं त्यांचं काय करता येईल ते तुम्हालाच कळेल. उंटाकडून नऊशे उसने घेतले, बाकीचे माझे. पोचले की पावती द्या. वस्तूच्या पुढे काय लिहायचं ते लिहा.

चार हजार दोनशे.